भिंतीची बाहेरची बाजू

भिंतीची आतली बाजू मालकाची असते किंवा भाडेकरूची असते. तिची बाहेरची बाजू मात्र रस्त्याची असते, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाचा तिच्यावर थोडाफार हक्क पोचतो, हा विचार मुंबईच्या फोर्ट भागातील व्यापारी इमारतींच्या दर्शनी भागांची कामे करता करता माझ्या मनात हळूहळू दृढ होत गेला. दुकानदाराने आपल्या गाळ्यात कोणती फरशी घालावी, माडीवरच्या पेढीने आपल्या बैठकीच्या खोलीला कोणता रंग द्यावा, याविषयी महापालिकेने काही बोलावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. परंतु त्याच गाळ्याच्या दगडी कमानीवर जेव्हा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा चढतो, तेव्हा पदपथावरून चालणाऱ्या माणसाचे काहीतरी त्याला न विचारता काढून घेतले जाते, आणि त्याबद्दल दाद मागावयाची तर त्याच्याजवळ ना मालकीचा दस्तऐवज असतो ना भाड्याची पावती. त्याच्या वतीने बोलण्यासाठीच नियम असतो. वास्तुविशारद म्हणून माझ्या व्यवसायाची बहुतेक वर्षे मी या नियमाच्या आणि तो ज्याला पाळावा लागतो त्या माणसाच्या मधल्या जागेत काढली, आणि त्या जागेवरून जे दिसले व जे समजले ते येथे सांगावयाचे आहे.

सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय दादाभाई नौरोजी मार्गावरच आहे, त्यामुळे या मार्गाशी माझा परिचय व्यवसायाच्याही आधीचा. पावसाळ्यात चर्चगेटला उतरून फ्लोरा फाउंटनवरून महाविद्यालयाकडे निघाले की कमानींच्या पडवीखालून बरेचसे अंतर छत्री मिटून चालता येत असे, आणि डोक्यावरचे हे छत म्हणजे कोणा जुन्या धनिकांची उदारता असावी, असे मला त्या वयात वाटे. ती सक्ती होती, हे मागाहून समजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ल्याचे तट पाडले गेले, आणि पुढे हॉर्नबी रोडवर (दादाभाईंचे नाव या रस्त्याला नंतर मिळाले) नव्या इमारती उठू लागल्या, तेव्हा तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग पडवी सोडण्याचे बंधन बांधणाऱ्यांवर घालण्यात आले. त्या एका बंधनाच्या आत राहून कोणी टोकदार गॉथिक कमान काढली, कोणी अर्धवर्तुळाकार, कोणी ग्रीक धाटणीचे स्तंभ उभे केले, कोणी गुजराती घराच्या नक्षीची आठवण ठेवून सज्जे काढले. आणि तरीही चालणाऱ्याला रस्ता एकसंध वाटतो, कारण प्रत्येकाने रस्त्याला द्यावयाचे देणे दिलेले आहे.

त्याहून जुने आणि त्याहून कडक उदाहरण हॉर्निमन सर्कलचे. कापसाचा बाजार कुलाब्याकडे गेल्यावर उकिरडा होऊन पडलेल्या 'कॉटन ग्रीन'च्या जागी वर्तुळाकार चौक करावा, ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांची. नगरपालिकेने जागा घेतली, तिचे भूखंड पाडून विकले, आणि विकताना दर्शनी भाग ठरवून दिलेल्या एकाच आराखड्याप्रमाणे बांधण्याची अट घातली. १८७२ मध्ये हे काम पुरे झाले. खरेदीदारांत पैशाने आणि मानाने मोठे लोक होते, कापसाच्या तेजीचे दिवस त्यांनी पाहिलेले होते, आणि तरीही कोणी आपल्या पेढीचा दर्शनी भाग शेजाऱ्यापेक्षा वेगळा करू शकला नाही. आजही त्या वर्तुळात उभे राहिले म्हणजे कोणत्या कमानीमागे कोणाची संपत्ती होती हे ओळखता येत नाही, आणि हीच गोष्ट मला त्या जागेची सर्वांत मोठी प्रतिष्ठा वाटते. पुढे बंदराच्या न्यासाने अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीने समुद्र हटवून बॅलार्ड इस्टेट वसविली, तेव्हा जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली तेथील व्यापारी कचेऱ्यांच्या उंचीत आणि शैलीत तशीच एकवाक्यता राखली गेली. म्हणजे इमारतीच्या बाह्यांगावर नगराचा अधिकार चालतो, हे तत्त्व मुंबईला परके नाही. या शहराचे जे भाग पाहावयाला परगावची माणसे येतात, ते बहुतेक याच तत्त्वाची निर्मिती होत.

मग मधल्या काळात हे तत्त्व विस्मृतीत का गेले? माझ्या मते त्याचे मोठे कारण सौंदर्यदृष्टीच्या ऱ्हासात शोधण्याऐवजी जमाखर्चात शोधावे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी गोठली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्याचे जे काम त्या कायद्याने केले ते मोलाचे होते, पण त्याच्या पोटी मालकाचे उत्पन्न आटले आणि इमारतीच्या बाहेरील अंगाची निगा राखणारा कोणी उरला नाही. पागडी देऊन गाळा घेतलेला भाडेकरू आपल्या गाळ्यापुरता मालकासारखा वागू लागला, आणि त्याच्या दृष्टीने इमारत म्हणजे जमिनीपासून त्याच्या पाटीपर्यंतची बारा-पंधरा फुटांची उंची एवढीच राहिली. वरच्या मजल्यावरील पेढीने सज्जा बंद करून काचा लावल्या, तिसरीने वातानुकूलन यंत्रासाठी कोरीव कठड्याचा तुकडा काढून टाकला, चौथ्याने पावसाचे पाणी आत येते म्हणून कंगणीवर सिमेंट थापले. यांतील प्रत्येकाची अडचण खरी होती, आणि शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत या बाबतीत त्याला अडविणारे फारसे काही नव्हतेही. मुंबई बेटावरील १.३३ हा चटईक्षेत्र निर्देशांक दशांशापर्यंत मोजणारी, जिन्याची रुंदी आणि मोरीचे क्षेत्रफळ ठरवून देणारी ती नियमावली भिंतीच्या पृष्ठभागापाशी येऊन स्तब्ध होत असे. बांधकामाचा आकार हा शासनाचा विषय आणि त्याचे साहित्य ही मालकाची खासगी आवड, अशी एक अलिखित वाटणी होऊन बसली होती.

ही वाटणी १९९५ साली मोडली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. अशा प्रकारची ती देशातील पहिली. सहाशेहून अधिक इमारती व परिसर सूचिबद्ध झाले, त्यांच्या श्रेणी ठरल्या, आणि अशा वास्तूच्या बाह्य रूपात फेरफार करावयाचा तर महापालिका आयुक्तांनी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा, असा दंडक झाला. त्यापाठोपाठ दादाभाई नौरोजी मार्गासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे तयार झाली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेले हे काम मला आजही आदर्श वाटते, कारण त्यात निषेधांपेक्षा मोजमापे अधिक होती: पाटी कमानीच्या पोकळीत कोठे बसावी, तिने दगडाचा कोणता भाग झाकू नये, अक्षरे कशी लावावीत, छपरी कोणत्या उंचीवर घ्यावी, हे चित्रे काढून दाखविलेले होते. दुकानदारांना वादाऐवजी पर्याय दिला गेला, आणि २००४ साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा पुरस्कारांत या उपक्रमाचा गौरव केला.

माझे काम या सूत्रांच्या आश्रयाने सुरू झाले. फोर्टमधील लहानमोठे दुकानदार, विमा कंपन्यांच्या कचेऱ्या, दोन-तीन पिढ्यांची औषधांची आणि लेखनसाहित्याची दुकाने यांच्या दर्शनी भागांचे प्रस्ताव तयार करून दाखल करणे, आलेल्या हरकतींचे निरसन करणे, आणि मंजुरी मिळाल्यावर परांचीवर उभे राहून काम करून घेणे, असा माझा शिरस्ता होता. त्या प्रस्तावांतील रेखाटनांपेक्षा त्यांच्यामागची बोलणी अधिक वेळ घेत. एका कापडाच्या दुकानाचे वयस्क शेठ मला अजून स्पष्ट आठवतात. त्यांच्या दुकानावर आतून दिवे लागणारी मोठी पेटीसारखी पाटी होती, आणि तिच्याखाली कमान पूर्ण गडप झाली होती. मी सूत्रांची पुस्तिका त्यांच्यासमोर ठेवली, त्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "बेन, मालक दुरुस्तीला पैसा काढत नाही, आणि त्याला बोलता पण येत नाही, कारण भाडेच किती देतो आम्ही? आता तुम्ही सांगता पाटी लहान करा. गिऱ्हाइकाला दुकान दिसणार कसे?"

या प्रश्नाला पुस्तिकेत उत्तर नव्हते, आणि केवळ वारशाची महती सांगून ते मिळण्यासारखेही नव्हते. मी त्यांना रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर घेऊन गेले. तेथून पाहिल्यावर त्यांच्या ओळीतील सगळ्या पाट्या एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसत होत्या. लाल, पिवळी, पुन्हा लाल, आणि कोणाचे नाव कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते ते कळत नव्हते. केवळ एका गाळ्यावर, जेथे पूर्वीची लाकडी चौकट तशीच राहिली होती, कमान मोकळी होती, आणि डोळा आपोआप तेथेच जाऊन थांबत होता. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, "आणि बाजूवाला? तो पण लहान करणार ना?" त्यांची सारी शंका या एका वाक्यात होती, आणि ती अत्यंत न्याय्य होती. एकट्याने नियम पाळला तर तो तोट्यात जातो, सर्वांनी पाळला तर कोणीच तोट्यात जात नाही. नियमाची गरज मुळात येथेच उत्पन्न होते. पुढे शेजारच्यांची समजूत पटविण्यात त्या शेठनीच माझ्यापेक्षा अधिक भाग घेतला.

पाटी उतरली त्या दिवशी मागे जे निघाले त्याने माझ्या विचारांना वेगळे वळण मिळाले. पाटीमागे आणखी एक आवरण होते: दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेले पत्रे, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसविलेले. तो सांगाडा दगडात भोके पाडून खिळविला होता. भोकांभोवती गंजाचे ओघळ होते, आणि गंजणारे लोखंड फुगत असल्यामुळे दोन ठिकाणी दगडाचे कपचे सुटून आले होते. पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या पोकळीत विजेच्या तारा होत्या, कबुतरांची घरटी होती, आणि भिंत हाताला ओली लागत होती, वास्तविक पाऊस संपून बरेच आठवडे लोटले होते. कमानीच्या माथ्याच्या दगडावर पानाफुलांची बारीक नक्षी होती. तो पोरबंदरचा दगड. करवतीने कापता यावा इतका मृदू, आणि म्हणूनच मुंबईच्या कारागिरांनी कोरीव कामासाठी पसंत केलेला. नक्षीचा वरचा थर पिठासारखा भुगा होऊन बोटाला लागत होता. पत्रे चढविणाऱ्याने कमान फक्त झाकली असे सर्वांना वाटत होते. झाकण्यानेच ती झिजत होती, हे तो पत्रा उतरेपर्यंत कोणाला दिसणे शक्य नव्हते.

कामावर एक वृद्ध पाथरवट होते. संगमनेरकडचे, आणि त्यांच्या बोलण्यात दगडाविषयी तक्रारीचा सूर मी कधी ऐकला नाही. ठेकेदाराला घाई होती, आणि ओल्या दगडावर लगेच लेप चढवून मोकळे व्हावे असे त्याचे म्हणणे होते. पाथरवटांनी भिंतीला तळवा लावला आणि म्हणाले, "ताई, भिंत ओली हाय. तिला आधी वाळू द्या. आत पानी कोंडून वरून कितीबी चांगलं लावलं तरी ते येक दिस समदं घिऊन खाली यील." आम्ही थांबलो. ठेकेदार नाखूश झाला, शेठचे दुकान परांचीआड अधिक काळ राहिले, आणि तरीही तो निर्णय योग्य होता असे मी आज ठामपणे म्हणते.

येथे थोडे पदार्थांच्या स्वभावाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण नियम लिहिणारे आणि नियम पाळणारे हे दोघेही त्याच्याविषयी उदासीन असतात. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो समुद्रावरून वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीवर आदळतो. जुन्या भिंतींनी या पाण्याला अडविण्याची प्रतिज्ञा केलेलीच नव्हती. कुर्ल्याचा कठीण काळवट दगड, मालाडचा पिवळसर दगड, आणि त्यांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरण्यासाठी वापरलेला चुना, यांनी थोडे पाणी आत घ्यावे आणि ऊन पडल्यावर ते बाष्परूपाने परत द्यावे, अशी ती रचना होती. पावसात भिजलेले सुती धोतर जसे अंगावरच वाळते तशी ती भिंत वाळत असे. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ ठेवलेला असतो, आणि झीज व्हावयाची तर ती सांध्याची व्हावी, दगडाची होऊ नये, ही त्यातील मोठी शहाणीव. सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटचे तसे नाही. ते दगडाहून कठीण, त्यातून बाष्प सुखासुखी बाहेर पडत नाही, आणि तरीही त्याला केसासारख्या बारीक भेगा जातात. त्या भेगांतून पाणी आत जाते आणि आतच राहते. पाण्याबरोबर क्षार येतात, ते दगडाच्या पोटात स्फटिकरूप होऊन फुगतात, आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी सुटू लागतो. तैलरंगाचाही परिणाम हाच.

आता नियम पाहा. बाह्य रूप बदलू नये, मूळ स्वरूपाशी सुसंगत साहित्य वापरावे, रंगसंगती राखावी, असे नियमांचे शब्द असतात, आणि शब्द म्हणून त्यांत काही वावगे नाही. परंतु हे सारे शब्द दिसण्याचे आहेत. मी पाहिलेल्या एका इमारतीचा दर्शनी भाग सिमेंटने पूर्ण लिंपून, त्यावर दगडाच्या आकाराच्या रेघा ओढून, मालाडच्या दगडाचा पिवळा रंग देऊन सादर केला गेला. छायाचित्रात तो निर्दोष दिसत होता, आणि कागदोपत्री अटींची पूर्तता झाली होती. त्या लेपाखाली खरा मालाडचा दगड होता. ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्याच अंगावर त्याचे चित्र काढून त्याला आत कोंडले होते, आणि नियमाला यात कोठेही भंग आढळत नव्हता.

दिसण्याविषयीचे असे दंडक इतर शहरांनीही घातले आहेत. जयपूरचा गुलाबी रंग हा मूलतः रंगाचाच दंडक. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनाच्या निमित्ताने शहर त्या रंगाने रंगविले गेले आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. तेथे चुन्याच्या गिलाव्यावर रंग देण्याची परंपरा असल्यामुळे रंगाचा नियम स्वाभाविक ठरतो. जेरुसलेमचे उदाहरण आमच्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. १९१८ मध्ये तेथील ब्रिटिश लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी शहरात गिलावा आणि पन्हाळी पत्रे यांना मनाई करून स्थानिक दगडाचाच आग्रह धरला, आणि त्या नियमाची परंपरा पुढील राज्यकर्त्यांनीही चालू ठेवली. पण आरंभी जो दगड भिंतीचा भार वाहत होता, तोच काळाच्या ओघात काँक्रीटच्या सांगाड्यावर चिकटविण्याची पातळ फरशी झाला. नियमाचे अक्षर शंभर वर्षे टिकले आणि त्यातील पदार्थ मात्र हळूहळू पातळ होत गेला. शहराचा वर्ण त्यामुळे सांभाळला गेला, याचे श्रेय मी कमी लेखत नाही. परंतु साहित्याचा नियम केवळ पृष्ठभागाविषयी बोलला म्हणजे लोक त्याला केवळ पृष्ठभागच देतात, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

फोर्टमधील त्या पत्र्यांकडे पुन्हा वळते, कारण त्यांचे एक अधिक भयावह अंग पुढे जगासमोर आले. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या चोवीस मजली ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि बहात्तर माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीचे नूतनीकरण करताना बाहेरून जे पत्रे बसविले होते, त्यांत ॲल्युमिनियमच्या दोन पापुद्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा थर होता, आणि आग त्यांच्यावरूनच वरवर चढत गेली. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये अठरा मीटरांहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींवर ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी झाली. ती वार्ता वाचताना मला त्या शेठच्या कमानीमागच्या पोकळीतल्या तारा आठवल्या. फोर्टमधील जुन्या इमारतींचे जिने लाकडी, तक्तपोशी लाकडी, आणि त्यांच्या एकुलत्या प्रवेशद्वारावर प्लॅस्टिक पोटात घेतलेले पत्रे व त्यांच्यामागे उघड्या तारा! वारसा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तो पत्रा कुरूप दिसतो, अग्निशमन पाहणाऱ्याला तो धोक्याचा दिसतो, परवाना पाहणाऱ्याला पाटीच्या चौरस फुटांचे शुल्क दिसते, आणि भाडेकरूला स्वच्छता दिसते. एकाच वस्तूची ही चार दर्शने चार निरनिराळ्या टेबलांवर वाटली गेल्यामुळे तिचे पूर्ण स्वरूप कोणाच्याच फाइलीत येत नाही.

नव्या व्यापारी वसाहतींत हाच प्रश्न काचेचे रूप घेऊन उभा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा परळच्या गिरण्यांच्या जागी उठलेल्या मनोऱ्यांना जमिनीपासून माथ्यापर्यंत काच गुंडाळलेली असते. थंड प्रदेशात सूर्याची ऊब आत घेण्यासाठी ज्या साहित्याचा उपयोग, तेच आमच्याकडे पश्चिमेच्या उन्हात उभे करावयाचे आणि मग आत साठलेली उष्णता विजेच्या खर्चाने बाहेर टाकावयाची, हा व्यवहार मला कधीच उमजला नाही. २०१४ च्या जुलैमध्ये अंधेरीतील अशा एका काचेच्या व्यापारी इमारतीला आग लागली आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाने प्राण गमावला. बंद काचेच्या भिंतीमुळे धूर आत कोंडतो आणि बाहेरून आत जाणे दुष्कर होते, याची चर्चा त्यानंतर बरेच दिवस चालली. काचेच्या दर्शनी भागात उघडणाऱ्या खिडक्या ठेवणे किंवा काच आणि मजला यांच्या मधली फट आगरोधक साहित्याने बंद करणे यांना काही उद्योजक शोभेला मारक समजतात. भिंतीच्या बाहेरच्या बाजूविषयीचा नियम म्हणजे अभिरुचीचा लाड, असे मानणाऱ्यांनी त्या आगीच्या दिवशीच्या अग्निशमन दलाच्या शिड्या डोळ्यांसमोर आणाव्यात.

भाडेकरूंच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. १९९५ च्या नियमावलीत वारसा इमारतीच्या मालकाचे विकासहक्क हिरावले गेले तर त्याला हस्तांतरणीय विकासहक्क देण्याची तरतूद होती. परंतु तळमजल्यावरचा जो दुकानदार स्वतःच्या खर्चाने पत्रा काढतो, चुन्याने दर्जा भरून घेतो आणि सिमेंटच्या कित्येक पट मजुरी मोजतो, त्याच्यासाठी कोठे काहीच नाही. पाटीच्या परवाना-शुल्कातील सूट एवढी लहान गोष्टसुद्धा त्याला पुष्कळ वाटली असती. त्या शेठनी माझ्याकडे सवलतीची चौकशी केली होती, आणि ती करताना त्यांना संकोच वाटत होता, जणू काही ते अधिक मागत आहेत. रस्त्याचे देणे रस्त्याने थोडेतरी परत करावे, यात संकोचण्यासारखे काय आहे?

साहित्याचा नियम कसा असावा, याविषयी आता माझे मत निश्चित झालेले आहे. मंजुरी छायाचित्रावर किंवा रंगाच्या पट्टीवर न देता भिंतीवर केलेल्या नमुन्यावर द्यावी. प्रस्तावित चुना, दगड, लेप किंवा पत्रा यांचा दोन हात लांबीरुंदीचा तुकडा प्रत्यक्ष त्याच भिंतीवर बसवावा, त्याच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि आश्विनात त्याची तपासणी करून मग उरलेल्या कामाला परवानगी मिळावी. लिहिताना हे सोपे दिसते आणि व्यवहारात अवघड आहे, याची मला जाणीव आहे, कारण व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीभोवती फिरते आणि एक पावसाळा थांबणे म्हणजे त्याचा एक हंगाम जाणे. तेव्हा लहान कामांसाठी आधीच तपासून ठेवलेल्या मिश्रणांची सूची असावी, आणि ती प्रयोगशाळेतील आकड्यांबरोबरच पाथरवट व गवंडी यांच्या साक्षीने सिद्ध झालेली असावी. समितीच्या बैठकीत वास्तुविशारद असतात, इतिहासाचे जाणकार असतात, अभियंते असतात. ज्याच्या हाताला ओली भिंत कळते असा माणूस मी तेथे पाहिला नाही.

दगडाची गोष्ट याहून निकडीची आहे. मालाडच्या खाणींच्या जागी आज वस्ती आहे, आणि त्या जातीचा नवा दगड मिळण्याची आशा धरणे व्यर्थ. दुरुस्तीसाठी तो मिळतो तो पाडलेल्या इमारतींतूनच. शहरात दरवर्षी जुनी बांधकामे पडतात, आणि त्यांचे घडीव चिरे माझ्या डोळ्यांदेखत राडारोड्याच्या गाड्यांतून भरणीला गेले आहेत; ज्या रंगाचा आणि ज्या घडाईचा एक दगड शोधीत मी कामे अडवून ठेवली होती, तसे शेकडो दगड एकाच सकाळी नाहीसे होताना पाहणे मला फार जड गेले. ते वाचविण्यासाठी नवा कायदा करण्याचे कारण नाही. पाडकामाच्या परवानगीपत्रात घडीव दगड मोजून जमा करण्याचे एक कलम वाढवावे, ते जमा करणाऱ्याला त्याची रास्त किंमत मिळावी, आणि बंदराच्या बाजूला रिकामी पडलेली एखादी वखार या कामासाठी मोकळी करून द्यावी. तिच्या दाराशी एक जाणता पाथरवट आणि एक नोंदवही असली की पुष्कळ झाले.